प्रीप्रिंट चाळायचे कसे?

प्रीप्रिंट म्हणजे जर्नलातल्या तज्ज्ञांच्या तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेले शोधनिबंध. ते सगळे वाचायचा हट्ट आधी सोड. बायोआरकाइव्ह या जीवशास्त्राच्या प्रीप्रिंट-संकेतस्थळावरच्या 'डेव्हलपमेंटल बायोलॉजी' (भ्रूणाच्या वाढीचं शास्त्र) विभागाचा ईमेल अलर्ट लाव, पण तेवढ्यावर भागत नाही. आपल्या कामाचे पेपर बरेचदा सेल बायोलॉजी नाहीतर जेनेटिक्समध्ये जाऊन बसतात. म्हणून 'झेब्राफिश' (प्रयोगांत वापरतात तो छोटा मासा), 'सोमाइट' (भ्रूणाच्या पाठीतले खंड), 'नॉच' (पेशींमधला एक संदेशमार्ग) अशा नेमक्या शब्दांचे वेगळे अलर्टही ठेव. काही सुटलंच तर 'प्रीलाइट्स' हे संकेतस्थळ बघ. तिथे २०१८ पासून तरुण संशोधक निवडक प्रीप्रिंटवर लिहितात, आणि लेखकांना विचारलेले प्रश्न तर मुळीच चुकवू नकोस.

सारांशावर भाळू नकोस, थेट आकृत्यांकडे जा. समजा, मॉर्फोलिनोने (जीनचं काम तात्पुरतं रोखणारा कृत्रिम रेणू) जीन दाबल्यावर माशाची शेपूट वाकडी झाली असा दावा आहे. मग म्युटंटमध्येही, म्हणजे ज्याचा तो जीनच बिघडलेला आहे अशा माशातही, तेच दिसतं का? त्या जीनचा आरएनए टोचल्यावर शेपूट सुधारते का? किती भ्रूण मोजले, हे आकृतीखालच्या बारीक अक्षरांत शोध. तिथे आकडाच नसेल तर मी तरी पुढे वाचत नाही.

आणि हो, संदर्भ देण्याआधी आवृत्ती तपास. दुसऱ्या आवृत्तीत कधी आख्खी आकृती गायब असते! जर्नलात छापून आला असेल तर त्याचा दुवा बहुधा शीर्षकाजवळच दिसतो.