वाचकांचे प्रश्न : रात्री दीडला निघून सकाळी सातला न्यूयॉर्क?

प्रश्न : डिसेंबरात आम्ही दोघं पहिल्यांदाच मुलीकडे न्यूजर्सीला चाललोय. मुंबई ते न्यूयॉर्क डायरेक्ट विमान आहे. तिकिटावर रात्री दीडला निघून त्याच दिवशी सकाळी सातला पोचणार असं लिहिलंय म्हणजे साडेपाच तास, आणि येताना दुपारी बाराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी एकला, म्हणजे चक्क पंचवीस तास! खरं किती वेळ बसायचं? ह्यांना शुगर आहे, गोळ्यांच्या वेळा ठरवायच्यात.
– एक वाचक, सातारा

उत्तर : काकू, तिकिटावरच्या वेळा जिथल्या तिथल्या असतात, निघायची मुंबईची आणि पोचायची न्यूयॉर्कची. डिसेंबरात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. म्हणजे तुमचं विमान दीडला सुटेल तेव्हा मुलीकडे आदल्या दिवसाचे दुपारचे तीन वाजलेले असतील, तिथून सकाळी सातपर्यंत मोजा, 16 तास झाले. येताना उलटं, पंचवीसातून साडेदहा वजा करा, साडेचौदा तास. तेवढाच तुमचा बसायचा वेळ, आणि तिकिटावर ड्युरेशन म्हणून जो आकडा असतो तोही हाच, तो एकदा ताडून बघा. (उन्हाळ्यात तिकडे घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेनऊचा होतो, पुढच्या वेळी लक्षात ठेवा.)

आता जाताना दीड तास जास्त का, तर वारा. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, थंडीत तर तो ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो, जाताना तो बराच वेळ समोरून लागतो आणि येताना पाठीमागून ढकलतो.

अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. पण हे भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून येत नाही हां, तसं सरळ रेषेत गेलं तर 14 हजारांच्या वर भरेल. घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघा, मला स्वतःला हे पहिल्यांदा बघून फार नवल वाटलं होतं, दोरा वर रशियावरून नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचं टोक असा जातो आणि मग खाली उतरतो! विमान मात्र अगदी दोऱ्यावरून जाईलच असं नाही, कारण वारा बघतात आणि कुणाचं एअरस्पेस बंद आहे तेही बघावं लागतं. एप्रिल 2025मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि मुंबईहून निघालेला दोरा तर सिंधवरूनच जातो, मग वळसा आलाच.

काकांच्या गोळ्यांचं सगळ्यात महत्त्वाचं. सगळी औषधं हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत अजिबात नको, प्रिस्क्रिप्शनही सोबत असू दे. एक मनगटी घड्याळ मुंबईच्याच वेळेवर ठेवा, म्हणजे मागची गोळी घेऊन किती तास झाले ते कळेल. पण तिथे उतरल्यावर वेळा कशा बदलायच्या हे निघायच्या आधी डॉक्टरांकडूनच कागदावर लिहून घ्या, इन्सुलिन असेल तर नक्कीच, कारण जाताना तुमचा तो दिवस साडेचौतीस तासांचा होणार आहे. आणि मधे मधे काकांना उठवून चालायला लावा, आयल सीट, म्हणजे मधल्या वाटेच्या कडेची, मिळाली तर बरं.