खिडकी बदलायची, पण आवाज थांबेल का?

प्रश्न : घर जालना रोडला लागून आहे. खिडक्या जुन्या सागवानी, काच ४ मिमी. रात्रभर ट्रकचा आवाज, दुपारी पश्चिमेचं ऊन. स्लायडिंग बसवावी का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : रस्त्याकडच्या बाजूला स्लायडिंग नकोच. तिचे पल्ले ब्रशच्या पट्टीवर सरकतात. तिथून हवा येते, म्हणजे आवाजही येतो. झडपेची, कारागीर ज्याला ओपनेबल म्हणतात ती, यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकची) खिडकी घ्या. हँडल फिरवलं की झडप रबरी गॅस्केटवर घट्ट दाबली जाते. चौकटीच्या आत गॅल्वनाइज्ड लोखंडी पट्टी असलीच पाहिजे, नाहीतर आपल्या उन्हात चौकट वाकते. रंग पांढराच ठेवा.

काच ५+५ मिमी लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या, मध्ये १.५२ मिमी पीव्हीबी (प्लास्टिकची) फिल्म. मध्ये हवेची पोकळी असलेल्या साध्या डबल काचेने उष्णता अडते, पण ट्रकची घरघर फारशी नाही.

खरी चूक बसवताना होते. चौकट आणि भिंतीतली फट नुसत्या पीयू फोमने (फवारल्यावर फुगणाऱ्या फेसाने) भरून सोडतात. फोम हलका, आवाज फारसा अडवत नाही. फट सिमेंटने ठासून भरा, मग दोन्ही बाजूंनी सिलिकॉन. काम झाल्यावर पंखा बंद करून, खिडकी लावून, कडेने पेटती उदबत्ती फिरवा. धूर हलला तिथे गळती आहे.

रस्त्याकडची खिडकी बंद राहणार, म्हणून तिथे कूलर असेल तर तो मागच्या खिडकीत हलवा आणि हवा बाहेर जायला मागचंच दार उघडं ठेवा. पश्चिमेचं ऊन काचेबाहेरच अडवा : छज्जा किंवा बांबूची चिक.