जुन्या एटीव्हीचा ऑइलचा दिवा गरम झाल्यावर लागतो : वायर काढण्याआधी हे तपासा

तुमचा प्रश्न असा आहे : सेकंडहँड घेतलेली ३०० सीसीची एअर-कूल्ड (वाऱ्यावर थंड होणारी) एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटांवर चालणारी चारचाकी बाइक, बागेत पंधरा-वीस मिनिटं चालली की ऑइलचा लाल दिवा लागतो आणि गार झाली की जातो. ऑइल बदलूनही फरक नाही. गॅरेजवाला म्हणतो, सेन्सर गेलाय, वायर काढून टाका.

वायर काढू नका. दिवा रोज ठरावीक वेळाने, इंजिन तापल्यावरच लागत असेल तर सेन्सर बहुधा आपलं काम नीट करतोय. बिघडलेला स्विच सहसा असं वेळापत्रक पाळत नाही. कारण सापडेपर्यंत दिवा लागला की लगेच इंजिन बंद करायचं, घरापर्यंत रेटायचं नाही.

पहिली गोष्ट, तो दिवा नक्की कशाचा आहे ते ठरवा. एटीव्हीवर तेलाच्या डब्याचं तेच चित्र दोन वेगळ्या कामांसाठी वापरतात. काहींत तो ऑइलच्या प्रेशरचा असतो, तर बऱ्याच एअर-कूल्ड गाड्यांत ऑइलच्या तापमानाचा. इंजिन गार असताना फक्त चावी फिरवा. दिवा लागून तसाच राहिला आणि इंजिन सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत विझला, तर तो प्रेशरचा. नुसता क्षणभर चमकून गेला किंवा लागलाच नाही, तर बहुधा तापमानाचा. खात्रीसाठी गार इंजिनावर स्विचची वायर सोडवून मल्टिमीटरने स्विचचं टोक आणि इंजिनची बॉडी यांच्यात बघा. प्रेशर स्विच इंजिन बंद असताना जोडलेला दाखवतो, तापमानाचा साधा स्विच तुटलेला दाखवतो.

त्याच वेळी वायरिंगही तपासून घ्या. चावी चालू ठेवून सोडवलेली वायर बॉडीला टेकवा. एका वायरच्या साध्या स्विचवर दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर बल्ब गेलाय किंवा मधे वायर तुटलीय. वायर सोडवल्यावरही दिवा जळत राहिला तर ती कुठेतरी सोलून चॅसिसला टेकतेय. हँडलच्या वळणापाशी आणि टाकीखाली आधी बघा.

तुमच्या लक्षणांवरून मला तो तापमानाचा दिवा असण्याची शक्यता जास्त वाटते, म्हणून आधी त्याकडे वळू. सिलिंडरच्या फिन्समध्ये (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांमध्ये) चिखल, गवत, वाळलेली लाल माती गच्च बसलेली असते आणि वरच्या प्लास्टिकमुळे ती दिसत नाही. गाडी नागाव-काशीदसारख्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवून मग विकलेली असेल, तर त्यात वाळू आणि मिठाचा थरही असतो. सीट आणि साइड कव्हर काढा, बॅटरी टॉर्च लावून मागच्या बाजूच्या फिन्सही बघा. ऑइल कूलर असेल तर साध्या पाइपने पाणी मागून पुढे मारा. जवळून प्रेशर वॉशर मारला तर कूलरच्या पातळ पट्ट्या झोपतात आणि हवा कायमची अडते. पंखा असेल तर त्याला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. फिरला तर फ्यूज आणि पंख्याचा स्विच तपासा, नाही फिरला तर मोटर गेली.

यानंतर चारही चाकं उचलून, न्यूट्रलमध्ये हाताने फिरवून बघा. खाऱ्या पाण्यातून आलेल्या गाडीत ड्रम ब्रेक अर्धवट धरून बसणं नेहमीचं आहे. इंजिन दिवसभर ब्रेकशी भांडतं आणि दोष ऑइलला लागतो. स्पार्क प्लग काढून बघा : पोर्सेलिन पांढरं फटक असेल तर मिक्श्चर लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) आणि इनटेकची रबरं तपासा. शिवाय ट्रेलर ओढताना किंवा चढावर वरच्या गिअरमध्ये कण्हत चालवली तर चांगली एटीव्हीही तापते, कारण तेवढ्या वेगात फिन्सना वाराच मिळत नाही. गिअर उतरवा, लो रेंज असेल तर ती वापरा.

ऑइल बदललंत, पण लेव्हल कशी मोजलीत? गाडी सपाट जागी हवी, इंजिन काही मिनिटं चालवून बंद करून दोन-तीन मिनिटं थांबायला हवं. डिपस्टिक आटे न बसवता नुसती टेकवायची की पूर्ण पिळायची, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. चुकीच्या पद्धतीने मोजलं तर लेव्हल खोटी येते. वेगळी ऑइल टाकी असलेल्या ड्राय संप गाड्यांत तर गार इंजिनावर लेव्हल खोटी कमी दिसते आणि माणूस वरून ओतत राहतो. जास्त ऑइलला फेस येतो, आणि फेसाळ ऑइल ना थंडावा देतं ना प्रेशर. क्लच ऑइलमध्ये बुडालेला असेल तर डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (अशा क्लचसाठीचा जपानी दर्जा) लिहिलेलंच ऑइल घ्या. कारचं 'एनर्जी कन्झर्व्हिंग' ऑइल टाकलं की क्लच घसरतो आणि त्यानेही उष्णता वाढते.

डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल किंवा लेव्हल आपोआप वाढत असेल, तर कार्ब्युरेटरची निडल व्हॉल्व्ह (पेट्रोल अडवणारी सुई) गळतेय आणि पेट्रोल क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागात, उतरतंय. पातळ झालेलं ऑइल गार असताना निभावतं, तापलं की प्रेशर सोडतं. आधी निडल बदला, मग ऑइल. उलट केलंत तर नवं ऑइल काही दिवसांत तसंच होईल. ऑइल दुधाळ असेल तर पाणी गेलंय. इंजिन थोडा वेळच चालवून, ऑइल दोन-तीनदा बदलून धुऊन काढावं लागतं.

दिवा प्रेशरचा निघाला, तर अंदाज नको, गेज लावा. स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज बसवायचा. जपानी इंजिनांत ते आटे सहसा १/८ इंच बीएसपीटी मापाचे असतात, इंचाला २८ आटे. बाजारातले बरेच गेज एनपीटी या वेगळ्या मापाचे, इंचाला २७. दोन फेऱ्या हाताने सहज जातात, मग लोक पाना लावतात आणि अॅल्युमिनियमची क्रँककेस तडकते. योग्य अॅडॅप्टरच घ्या. स्विच परत बसवताना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. त्याची अर्थिंग आट्यांतूनच होते, टेपने ती तुटली तर दिवा कधीच लागणार नाही.

तापलेल्या इंजिनावरचं रीडिंग तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलशीच ताडून बघा. क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) रोलर बेअरिंगवर फिरत असेल तर ऑइलचं प्रेशर मुळात कमी असतं, कारच्या आकड्यांशी तुलना करू नका. रीडिंग कमी आलं तर आधी फिल्टर बघा : ओ-रिंग राहिली आहे का, फिल्टर उलटा बसलाय का. होंडाच्या कागदी फिल्टरवर 'आउटसाइड' छापलेलं असतं, ती बाजू कव्हरकडे हवी. उलटा बसला तर ऑइलचा रस्ताच बंद होतो. मग पिकअपची, म्हणजे पंप ऑइल ओढतो तिथली जाळी. आधीच्या मालकाने कव्हर बसवताना चोपडलेल्या सिलिकॉनचे तुकडे तिथे हमखास सापडतात. जाळी साफ असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारी झडप) उघडा अडकलाय का ते बघा, शेवटी पंप. बहुतेक छोट्या इंजिनांत पंपाच्या आतल्या रोटरांच्या टोकांमधली फट ०.२० मिलिमीटरच्या पुढे गेली की पंप बदलायचा.

जुना फिल्टर टाकून देण्याआधी कापून उघडा आणि चुंबक फिरवा. राखाडी, बारीक पेस्ट चालते. चमकणारे कण, चुंबकाला न चिकटणारे अॅल्युमिनियमचे किंवा पिवळे तुकडे दिसले, किंवा हेडमधून (सिलिंडरच्या वरच्या भागातून) टकटक येत असेल, तर गाडी पुन्हा सुरू न करता इंजिन उघडायला द्या. हेडमधला कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) पंपापासून सगळ्यात लांब असतो, कोरडा आधी तोच पडतो, म्हणून मेकॅनिकला आधी हेडच बघायला सांगा.