जळगावात संस्कृतचं एम.ए. करतेय, विज्ञानकथांचं वेड आहे. प्राचीन ग्रीक शिकले तर त्यात तसं काही वाचायला मिळेल का?

हो, नक्की मिळेल आणि संस्कृत येत असल्यानं अर्धी वाट तुम्ही आधीच चालून आलात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या लुकियानची ‘सत्यकथा’ वाचा. वावटळ जहाज उचलते, सात दिवस नि सात रात्री ते हवेतून चालतं आणि आठव्या दिवशी चंद्र लागतो. तिथं शुक्रावर वसाहत कुणी करायची यावरून चंद्राच्या आणि सूर्याच्या राजांची लढाई जुंपलेली! मला सगळ्यात आवडते ती चंद्रावरची विहीर: आत उतरलं की पृथ्वीवरचं बोलणं ऐकू येतं, वरच्या मोठ्या आरशात इथली गावं दिसतात. मी संस्कृतनंतर घरीच ग्रीक शिकलो, म्हणून खात्रीनं सांगतो, संस्कृत आणि ग्रीक किती जवळच्या आहेत ते पाहा:

- ‘ददामि’ला ‘दिदोमि’, ‘अस्ति’ला ‘एस्ति’, ‘भरामि’ला ‘फेरो’.
- द्विवचन आहे; आत्मनेपदासारखा प्रयोगही आहे.

मूळ ग्रीक मजकूर ‘पर्सियस’ या संकेतस्थळावर फुकट आहे, शब्दावर टिचकी मारली की रूप उलगडतं. लुकियान स्वतः फरात (युफ्रेटिस) नदीकाठच्या समोसाताचा, सीरियन; ग्रीक बहुधा त्याचीही घरची भाषा नव्हती, शिकलेली होती. तुमच्या घरी अहिराणी असेल तर तो जास्तच जवळचा वाटेल. फक्त पहिल्याच दिवशी त्याला हात घालू नका, आधी सहा महिने व्याकरण आणि ग्रीक इतिहासकार क्सेनोफोनचं सोपं गद्य. शिवाय ही आजच्या अर्थानं विज्ञानकथा नव्हे, थापाड्या प्रवासवर्णनांची थट्टा आहे. ‘मी खोटं बोलतोय एवढंच खरं’ असं तो सुरुवातीलाच सांगतो.