घरातल्या बेगोनियाच्या पानांवरची पांढरी भुकटी पुसली तरी परत येते. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की बेगोनियाच्या पानांवर पिठासारखे पांढरे डाग आलेत, पुसले की जातात आणि काही दिवसांनी परत हजर. पाणी कमी करून पाहिलंत, फरक नाही. माती बदलावी का आणि शेजारच्या कुंड्यांना हे लागेल का, असंही विचारलंय.

वर्णनावरून ही भुरीच वाटते, म्हणजे पानावर पांढरी भुकटी धरणारा बुरशीचा रोग. तरी फवारणीच्या आधी खात्री करून घ्या, कारण पानावर पांढरं दिसलं की ती भुरीच असते असं नाही. क्षाराच्या पाण्याचे डाग थेंब सुकल्यासारखे, रेखीव कडांचे असतात आणि पाणी घालून पातळ केलेल्या व्हिनेगरचा बोळा फिरवला की निघतात. पिठ्या ढेकूण देठाच्या बेचक्यात कापसाच्या पुंजक्यासारखा बसतो, आसपास चिकटपणा असतो आणि काडीने पुंजका उकलला तर आत किडा सापडतो. जेडच्या पानांच्या कडेचे बारीक पांढरे ठिपके म्हणजे बहुतेक वेळा झाडानेच बाहेर टाकलेले क्षार असतात, त्यांच्यावर औषध मारण्यात काही अर्थ नाही. बेगोनियाच्या कित्येक जातींत पानावर चंदेरी नक्षी जन्मजात असते, तिला घासत बसू नका.

मी स्वतः टॉर्चने बघतो. खोलीतला दिवा बंद करून मोबाईलचा टॉर्च पानाला जवळजवळ समांतर धरायचा. वरून नुसता फिकट वाटणारा भाग असा तिरप्या उजेडात बघितला की त्यावरची लव उठून दिसते. सुरुवातीचा डाग मोहरीएवढा असतो, मध्ये दाट आणि कडेला विरत गेलेला. दहापट भिंग असेल तर बुरशीचे उभे दोरे आणि त्यांच्या टोकाला साखळीने लागलेले बीजाणू, म्हणजे बुरशीचं बारीक बी, हेही दिसतात. वरच्या टवटवीत पानांपासून सुरुवात करू नका. दाटीत दडलेली खालची पानं आधी बघा, उलटूनही बघा. कलांचोसारख्या जाड पानांच्या झाडांवर तर पांढरं फारसं दिसतच नाही, नुसत्या तपकिरी, खरबरीत खपल्या धरतात आणि आपण त्याला उन्हाचा चटका समजून गप्प बसतो.

आता ती परत का येते ते सांगतो. या बुरशीचे दोरे पानावर वरच्यावर पसरलेले असतात, पण अन्नासाठी त्यांनी पानाच्या वरच्या थरातल्या पेशींत बारीक शोषक अवयव घुसवलेले असतात. फडक्याने वरचं निघतं, आतलं तसंच राहतं. शिवाय कोरड्या फडक्याने पुसलं किंवा फुंकर मारली की बीजाणू उडून दुसऱ्या पानांवर बसतात, म्हणजे आपणच पेरणी करतो. हवामान मानवलं तर नव्या डागावर आठवड्याभराच्या आत पुन्हा बीजाणू तयार.

पाणी कमी केल्याने काही झालं नाही, कारण मुद्दा पाण्याचा नव्हताच. पुष्कळ बुरशींना रुजायला ओलं पान लागतं, भुरीला लागत नाही. तिच्या बीजाणूत रुजण्यापुरतं पाणी आधीच असतं, आणि पानावर पाणी साचलं तर तो उलट नीट रुजत नाही. तिला हवी असते दमट, कोंदट हवा, कमी उजेड आणि साधारण 20 ते 27 अंश सेल्सिअस तापमान. थोडक्यात, आपल्याला बसायला आवडते तशी खोली. युरोपात द्राक्षावरची भुरी 1845 मध्ये पहिल्यांदा नजरेत आली तीसुद्धा काचघरात, इंग्लंडमधल्या मार्गेट इथे, एडवर्ड टकर नावाच्या माळ्याच्या. गंधक आणि चुना वापरून त्याने ती आटोक्यात आणली. गंधक आजही भुरीवर चालतं.

म्हणून औषधाच्या आधी कुंडीची जागा बदला. पडद्यामागे, कोपऱ्यात, एकमेकांना पानं टेकलेल्या कुंड्यांच्या गर्दीत असेल तर तिथून हलवा. खिडकीजवळ भरपूर पण थेट ऊन नसलेला उजेड द्या आणि चारी बाजूंनी हवा खेळेल एवढं अंतर ठेवा. पंख्याने खोलीतली हवा हलती राहिली तर उत्तमच, मात्र रोगट पानं काढेपर्यंत तो थेट झाडावर सोडू नका.

पानं काढताना प्लास्टिकची पिशवी आधी पानावर अलगद चढवायची, मग देठ कापायचा आणि पिशवीचं तोंड तिथेच बांधायचं. अर्ध्याहून जास्त माखलेलं पान वाचवायच्या भरीस पडू नका. गळालेली पानंही उचला, खतात टाकू नका, कात्री स्पिरिटने पुसा. खत सध्या बंद. नत्राने फुटणारी कोवळी, लुसलुशीत पानं भुरीला आयतीच सापडतात.

एवढं केल्यावर उरलेल्या पानांसाठी फवारणी. लिटरभर पाण्यात 5 मिलि कडुनिंबाचं तेल आणि द्रवरूप साबणाचे काही थेंब, मारताना बाटली सतत हलवत राहायची, पानाच्या दोन्ही बाजूंना, संध्याकाळी, आठवड्यातून एकदा. बेगोनियाचं पान नाजूक असतं, तेव्हा आधी एकाच पानावर मारून दोन दिवस वाट बघा. आफ्रिकन व्हायोलेटसारख्या लवदार पानांवर तेल मी मारतच नाही. खायच्या सोड्याचा नुस्खा सगळे सांगतात, थोडाफार चालतोही, पण सोडियम पानाला आणि मातीला बाधतं. पोटॅशियम बायकार्बोनेट मिळत असेल तर ते बरं. दुधाची गोष्ट मात्र थाप नाही. एका वाटीला नऊ वाट्या पाणी अशा प्रमाणातलं दूध भुरीला रोखतं, असं झुकिनीवरच्या प्रयोगात दिसलंय, 1999 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पण बंद खोलीत आंबूस वास सहन करायची तयारी हवी. पाण्यात मिसळणारं गंधक खात्रीचं असलं तरी घरात मारू नका, कुंडी बाहेर सावलीत नेऊन मारा. तापमान 32 अंशांच्या वर असेल तर पानं भाजतात, आणि तेल मारल्यापासून दोन आठवडे तरी गंधक नको. शेतातली आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शोषली जाणारी, बुरशीनाशकं राहत्या खोलीत आणायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

माती बदलू नका. ही बुरशी जिवंत पानावर जगते, मातीत वाढत नाही.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर भुरीच्या जाती ठरावीक झाडांवरच जगतात. गुलाबावरची भुरी बेगोनियाला लागत नाही. पण दुसरे बेगोनिया असतील तर ते आजच वेगळे करा, आणि नवीन आणाल तो दोन-तीन आठवडे बाजूला ठेवून मगच रांगेत घ्या. जुन्या पानांवरचे तपकिरी डाग जाणार नाहीत, त्यांच्यावरून अंदाज बांधू नका. लक्ष नव्या पानांवर ठेवा. शेंड्याचा कोंबच पांढरा पडला असेल तर एखादं स्वच्छ पान किंवा फांदी कापून वेगळ्या कुंडीत लावा आणि मूळ झाड पिशवीत बांधून टाकून द्या.