गोव्यात स्वतःच्या पैशाने मराठी नाटक काढतोय, प्रसिद्धी कशी करू? पहिल्या प्रयोगाला फुकट पास वाटून हॉल भरला की लोक एकमेकांना सांगतील, मग दुसऱ्यापासून तिकीट लावेन. फेसबुकवर किती खर्च करावा?

फेसबुकचं खाली सांगते, आधी तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य. तुम्ही म्हणताय की पहिल्या प्रयोगाला पास वाटून हॉल भरणार, त्यातून तोंडी प्रसिद्धी होईल आणि दुसऱ्या प्रयोगापासून तिकीट लावता येईल. असं होत नाही. पासवर आलेला माणूस चार जणांना नाटकाबद्दल सांगतो तेव्हा पास मिळतात हेही सांगतो, आणि मग पुढच्या प्रयोगाला येणारे सगळे फोन पासासाठीच असतात. गोव्यात मराठी नाटकाला तिकीट काढणारा प्रेक्षक नाही असं म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे, त्यामुळे उत्तर लांबणार, सांभाळून घ्या.

मी फोंड्याची. आमच्याकडे देवळाच्या उत्सवात गावची मंडळीच रंग लावून उभी राहतात, माझी आई काम करायची, मी पण तिथूनच आले आणि मग नाट्यस्पर्धेत. पण दोन्हीकडे एक सवय लागते. उत्सवाचं नाटक देवासाठी, तिथे तिकिटाचा प्रश्नच नाही. स्पर्धेचं नाटक परीक्षकांसाठी, महिनोन्महिने तालमी, नेपथ्यावर भरमसाट खर्च, एक प्रयोग, आणि निकाल लागला की सेट कोणाच्या तरी गोठ्यात पडून. खिशातले पैसे देऊन नाटक बघणारा माणूस या सगळ्यात कुठेच नसतो, त्यामुळे आपलं नाटक त्याला आवडतं की नाही हे आपल्याला कधी कळतच नाही.

आमचं एक नाटक स्पर्धेत गाजलं आणि मी ठरवलं की हे तिकीट लावून करायचं, पैसे माझे, जबाबदारी माझी. आमच्या ग्रुपमध्ये एक ज्येष्ठ आहेत, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, नाव लिहीत नाही. रंगमंचावर उभं कसं राहायचं हे मला त्यांनी शिकवलं आणि तो मान मी आजही देते. ते म्हणाले, "गोंयकार मराठी नाटकाक तिकीट काडिना, बाय. पास वांट, हॉल भर, स्पॉन्सर सोद." मी म्हटलं भाऊ, याच गोव्यात तियात्र (मुख्यतः ख्रिस्ती समाजातलं कोंकणी नाटक) चालतं ना? तर म्हणे ते लोक वेगळे.

लोक वेगळे नाहीत हो! तियात्राचा पहिला प्रयोग १७ एप्रिल १८९२ ला मुंबईत झाला आणि तेव्हापासून आजपर्यंत ही कला तिकिटावर उभी आहे. आणि आपले मास्टर दीनानाथ मंगेशीचे, १९१८ साली बळवंत संगीत मंडळी काढली, ती कंपनी काय पास वाटून चालवली? पणजीच्या कला अकादमीतलं नाट्यगृह त्यांच्या नावाचं आहे, आणि त्याच दारात उभे राहून आपण फुकट पास मागतो, याचा मला खरंच राग येतो.

ओळखीतून मी दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात एका तियात्राच्या कंत्राटदाराकडे गेले (तिथे प्रयोग लावणाऱ्याला कंत्राटदार म्हणतात). मी जाहिरातीचं विचारत होते, पोस्टर किती, पेपरात केवढी, वगैरे. त्यांनी मला मध्येच थांबवलं, "पयलीं सांग, तुजे शो कितले?" मी म्हटलं सध्या एक. ते म्हणाले मग जाहिरात कशाला करतेस. एका प्रयोगाच्या जाहिरातीचा खर्च एकाच प्रयोगातून कधीच निघत नाही, बोर्ड लागेपर्यंत, गाडी गावात फिरेपर्यंत, लोकांच्या तोंडी नाव बसेपर्यंत तुझं नाटक संपलेलं असतं. आधी तारखा धर, निदान तीन-चार हॉल, आणि पहिल्याच पोस्टरवर सगळ्या तारखा एकत्र छाप. मला प्रसिद्धीबद्दल मिळालेला सगळ्यात कामाचा सल्ला हाच, म्हणून तुम्हालाही तोच देते.

मग मी तिकीटबुकं छापली, २०० रुपयांची आणि मागच्या रांगांना १०० रुपयांची, आणि हॉलचा प्लॅन मोठ्या कागदावर काढून पर्समध्ये घेऊन फिरले. ज्याने तिकीट काढलं त्याच्यासमोर त्याच्या खुर्चीवर लाल पेनने फुली मारायची. त्याने काय होतं, बाजूच्याला दिसतं की पुढच्या जागा जातायत आणि तो लगेच स्वतःची खुर्ची शोधायला लागतो. शाळांच्या स्टाफरूम, बँका, भजनी मंडळं, महिला मंडळं, सगळीकडे गेले. सासूबाईंनीसुद्धा स्वतःचं तिकीट काढलं. कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंगला काम करणाऱ्या काही बायकांनी एकत्र घेतली, त्यातल्या शिरोड्याच्या एकीने विचारलं, नाटक सुटल्यावर बस मिळेल काय? प्रयोग ठरला होता संध्याकाळी सातचा. दोन अंक आणि मध्यंतर धरून सुटायला पावणेदहा, तेव्हा खेड्यात जायला बस कुठली. मी त्याच दिवशी वेळ बदलून रविवार दुपारी साडेचार केली आणि पोस्टरवर नाटकाच्या नावाखाली मोठ्या अक्षरात छापलं, "सव्वासातला सुटणार, बस मिळेल". माझ्या मते निम्मी तिकिटं त्या ओळीने खपवली. स्वतःची गाडी नाही, मुलाला किंवा नवऱ्याला सांगावं लागतं अशा बायका हा आपला केवढा मोठा प्रेक्षक आहे, पण वेळ ठरवताना त्यांचा विचार कोणी करत नाही.

प्रयोगाच्या दिवशी भाऊ आले ते दहा-बारा जणांना घेऊन, कुठल्या कुठल्या संस्थांचे अध्यक्ष, सेक्रेटरी, त्यांच्या बायका. मला बाजूला घेऊन म्हणाले पहिल्या दोन रांगा मोकळ्या कर. पहिल्या दोन रांगा विकल्या गेल्या होत्या, दुसरीत कुंडईच्या त्या बायका बसलेल्या होत्या. मी म्हटलं भाऊ, त्यांनी तिकीट काढलंय, त्यांना उठवणार नाही, मागे सातव्या रांगेत जागा आहेत, दोनशे रुपये. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. एक बाई म्हणाल्या, "आमकां पास ना गो?" मी म्हटलं नाही, कोणालाच नाही. भाऊ वळून निघून गेले. बरोबर आलेल्यांपैकी निम्म्यांनी मुकाट्याने तिकीट काढलं, बसले, आणि शेवटी टाळ्या वाजवताना सगळ्यात आधी तेच उभे राहिले.

हॉल पूर्ण भरला नव्हता. मागच्या रांगा रिकाम्या होत्या. पण हॉलचं भाडं, टेम्पो, लाईट, मेकअप, लेखकाचं मानधन सगळं निघालं आणि प्रत्येक कलाकाराला पाकीट देता आलं. लाईटवाला सोडून कोणाच्या हातात नाटकाचे पैसे पडले असं आमच्या ग्रुपमध्ये तोवर कधी झालंच नव्हतं. पडदा ओढणारा आमचा मुलगा पाकीट उघडून बघून परत माझ्याकडे द्यायला आला, त्याला वाटलं दुसऱ्या कोणाचं चुकून आलं.

आता फेसबुक. थोडे पैसे घाला, शेवटच्या आठवड्यात, आणि गोवा निवडून सोडून देऊ नका, नाहीतर जाहिरात कळंगुटला उतरलेल्या टुरिस्टांना दिसत राहते. आपल्या भागातलं शहर निवडा, मराठी भाषा निवडा. पोस्टरपेक्षा तालमीतला एका मिनिटाचा व्हिडिओ चालतो. व्हॉट्सॅपवर अंगठे खूप येतात, तिकिटं नाहीत, म्हणून ज्याने अंगठा दिला त्याला लगेच फोन लावा. मराठी पेपरातली छोटी जाहिरात वयस्क लोक अजून वाचतात, ती करा.

लेखकाची परवानगी लेखी घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये हौशी संस्थेने फुकट प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला सूट आहे, त्यामुळे उत्सवात कोणी विचारत नाही. स्वतःसाठी तिकीट लावलंत की ती सूट गेली. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, तरी तुमच्या सीएला एकदा विचारा. हॉलच्या तारखेचं पत्र हातात आल्याशिवाय पोस्टर छापू नका. आणि पणजीवरच अडून बसू नका, कला अकादमी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये उघडेपर्यंत बराच काळ बंद होती तेव्हा लोक फोंड्याला, साखळीला, मडगावला नाटक बघायला गेलेच ना. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आसपास आणि तुमच्या भागातल्या जत्रेच्या दिवशी प्रयोग अजिबात नको.

हो, पास अगदीच नको म्हटलं त्यात थोडं सोडून द्या, पेपरात परीक्षण लिहिणारे आणि लेखक यांना बोलवावंच लागतं. बालनाट्य असेल तर शाळांशी ठोक दराने ठरवा, तिथलं गणित वेगळं. सिरियलमधले चेहरे घेऊन मुंबईहून येणाऱ्या नाटकांशी तुलना करून घाबरू नका, त्यांचा खर्चही तसाच असतो.

भाऊ अजून म्हणतात की फोंड्यात चाललं कारण फोंडा नाटकवेडा, बाहेर पडून दाखव. दाखवलं. साखळीला गर्दी फोंड्यापेक्षा कमी होती हे खरं, पण बसलेला प्रत्येक माणूस तिकीट काढून बसला होता आणि जाताना त्यातल्या कितीतरी जणांनी पुढच्या नाटकाची तारीख विचारली. पास वाटलेल्या एकाही प्रयोगाला मला हे कोणी विचारल्याचं आठवत नाही, आणि भाऊंनाही आठवत नसणार.