वर्षभर आत्मविकासाची पुस्तकं आणि आत्मचरित्रंच वाचली, तर हाती काय लागतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: येत्या वर्षी नेमाने वाचायचं ठरवलंय, ओढा आत्मविकासाच्या पुस्तकांकडे आणि आत्मचरित्रांकडे आहे, पण पहिल्या प्रकाराला जाणकार नाकं मुरडतात. मग वर्षभर हेच वाचून काही पदरात पडतं का? माझं सरतं वर्ष बहुतांश याच दोन प्रकारांत गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पडतं. फक्त सल्ल्याचं पुस्तक सुटं वाचू नये, त्याच्या जोडीला कुणाचं तरी अख्खं आयुष्य वाचावं. काय केल्याने काय होतं, हे सल्ल्याचं पुस्तक सांगतं. ते करताना घरात काय चाललं होतं, कुणी काय सोसलं, किती वेळा सगळं फिसकटलं, हे आत्मचरित्रात कळतं. वर्षाच्या सुरुवातीला मी दोन्ही प्रकार आपापल्या जागी वाचत होते. मध्यावर जोड्या लावून वाचू लागले आणि तेव्हापासून वाचलेलं अंगी लागायला लागलं.

खरं तर हे दोन्ही प्रकार एकाच घरातले. सॅम्युअल स्माइल्सचं 'सेल्फ-हेल्प' 1859 साली आलं, डार्विनचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' आलं त्याच वर्षी आणि त्याच प्रकाशकाकडून. लीड्समधल्या कामगार तरुणांपुढे स्माइल्सने दिलेल्या व्याख्यानांतून ते उभं राहिलं. आज आपल्याला सवय आहे तशी पायऱ्यांची आणि नियमांची यादी त्यात नाही. पानोपानी माणसं भेटतात: शोध लावणारे, यंत्रं बनवणारे, कुंभार, शिल्पी. म्हणजे आत्मविकासाचं हे सुरुवातीचं गाजलेलं पुस्तक मुळात छोट्या छोट्या चरित्रांचा संग्रहच आहे. पुढे लेखकांनी चरित्रं गाळली आणि नियम तेवढे ठेवले.

त्या पुस्तकातला बेर्नार पालिसी माझ्या डोक्यातून जात नाही. सोळाव्या शतकातला हा फ्रेंच कारागीर मातीच्या भांड्यांवरच्या पांढऱ्या झिलईचं मर्म शोधत होता. वर्षानुवर्षं भट्ट्या पेटवल्या, हाती काही लागेना. एका प्रयोगात झिलई वितळायच्या आत सरपण संपलं. त्याने कुंपणाच्या फळ्या उपटून भट्टीत घातल्या, मग घरातलं लाकडी सामान, टेबलखुर्च्या. बायकामुलं हंबरडा फोडत बाहेर धावली की याला वेड लागलं. पण झिलई वितळली. स्माइल्स ही गोष्ट चिकाटीचा आदर्श म्हणून सांगतो, आणि तसा तो आहेच. माझं लक्ष मात्र रस्त्यावर धावत सुटलेल्या त्या बाईकडे गेलं. तिने लिहिलं असतं तर?

आपलं भाग्य असं, की मराठीत अशा बायांनी लिहिलंय. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त रेव्हरंड नारायण वामन टिळक आहेत, मोठे कवी, मोठ्या मनाचे, ध्येयवेडे. आणि त्यांच्याबरोबर संसार करणारी, उद्या घरात काय असेल याचा भरवसा नसलेली लक्ष्मीबाई आहे. टिळक एकाएकी निघून जातात, नोकऱ्या सोडतात, हातचं दुसऱ्याला देऊन टाकतात. स्माइल्सच्या पुस्तकात या माणसावर दोन पानांचा सुंदर आदर्श उभा राहिला असता. लक्ष्मीबाई तोच माणूस पूर्ण दाखवतात. त्याच्यावर चिडतात, हसतात, जीवही टाकतात, आणि कुठेही त्याला लहान करत नाहीत. हे वाचल्यापासून ध्येयासाठी सगळं पणाला लावलेल्या कुणाचीही गोष्ट वाचताना मी आधी विचारते, की त्या 'सगळ्या'त आणखी कोण कोण होतं.

आता सवयींबद्दल, कारण हल्लीची आत्मविकासाची बरीचशी पुस्तकं सवयींवरच उभी आहेत. 21 दिवसांत सवय लागते हे तुम्हीही ऐकलं असेल. त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकात सापडतं. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची ओळख पटायला रुग्णाला किमान 21 दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढच्यांनी 'किमान' गाळलं आणि चेहराही गाळला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेला मध्यक काळ (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) 66 दिवस आला, आणि माणसागणिक तो 18 पासून 254 दिवसांपर्यंत असेल असा त्यांचा अंदाज होता. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. मला सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट हीच वाटली, आणि बहुतेक पुस्तकांत ती ठळकपणे येत नाही.

याच्या जोडीला पुन्हा लक्ष्मीबाईच. टिळकांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई काही काळ दूर राहिल्या, मग त्यांच्याजवळ राहायला आल्या, पण आपलं सोवळं सांभाळून. ते सोवळं कसं सुटत गेलं ते त्यांनी लिहिलंय: एक गोष्ट सैल झाली, मग दुसरी, मध्येच मन पुन्हा घट्ट धरून बसलं, मग आतून प्रश्न उभा राहिला. बाप्तिस्मा झाला तो 1900 मध्ये. जन्मभराचा संस्कार बदलायला माणसाला काय काय लागतं, त्यात प्रेमाचा वाटा किती, हट्टाचा किती आणि रोजच्या सहवासाचा किती, हे मला या पानांत जितकं उमगलं तितकं सवयींवरच्या कुठल्याच पुस्तकात उमगलं नाही.

बेंजामिन फ्रँकलिनचं आत्मचरित्र हे या दोन प्रकारांच्या मधोमध बसणारं पुस्तक. 1771 साली लिहायला घेतलेलं, 1790 मध्ये तो गेला तेव्हाही अपुरं राहिलेलं. आजच्या सवय-तक्त्यांचा पणजोबा त्यात आहे. छोटी वही, प्रत्येक पानावर लाल शाईने आखलेले सात उभे रकाने, वारांचे, आणि तेरा आडव्या ओळी, तेरा सद्गुणांच्या. आठवड्याला एका सद्गुणावर विशेष लक्ष, चूक झाली की काळा ठिपका. तेरा आठवड्यांत एक फेरा, वर्षात चार. मुळात सद्गुण बाराच होते. तुला लोक गर्विष्ठ समजतात असं क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या एका स्नेह्याने सांगितलं, तेव्हा नम्रता ही तेरावी ओळ आली. आपण समजत होतो त्यापेक्षा आपल्यात दोष कितीतरी जास्त निघाले, असं तो मोकळेपणाने लिहितो. नव्या फेऱ्यासाठी जुने ठिपके खरवडून खरवडून कागदाला भोकं पडली, तेव्हा त्याने तक्ता हस्तिदंती पानांवर उतरवला, म्हणजे ओल्या स्पंजने पुसता यावं. सुव्यवस्थेने तर त्याला इतकं छळलं की तो नाद सोडायच्या बेतात आला होता.

त्याची ती वही मला फार जवळची वाटते. तक्ता आखणाऱ्यानेच भोकं पडलेला कागद दाखवला, म्हणून मला तक्त्यावर भरवसा ठेवता आला. आता कुठलंही नवं आत्मविकासाचं पुस्तक हाती आलं की मी हेच शोधते: लेखकाने आपली पद्धत कुठे चालली नाही ते सांगितलंय का? सांगितलं नसेल तर पुस्तक मिटून ठेवते. त्याबद्दल मला जराही रुखरुख वाटत नाही. वर्ष वाया जाऊ द्यायचं नसेल तर पुस्तकं अर्धवट सोडता यायला हवीत.

आणि एका जागी आत्मविकासाची पुस्तकं मला तोकडी पडलेली दिसली. 'तुझं आयुष्य तुझ्याच हातात आहे' या चालीचं एक पुस्तक आणि दया पवारांचं 'बलुतं' मी पाठोपाठ वाचलं. 1978 साली आलेल्या 'बलुतं'ची मांडणीच विलक्षण आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार नावाच्या लिहित्या माणसाला सांगतो, आणि हे दोघं एकच आहेत. शिकून सवरून वर आलेला माणूस आपल्याच आतल्या दगडूला समोर बसवून ऐकतो. दगडू कष्ट करतो, शिकतो, नोकरीला लागतो. सल्ल्याच्या पुस्तकात सांगितलेलं सगळं तो करतो. तरीही जात त्याची पाठ सोडत नाही, आणि जे मागे राहिले त्यांच्याकडे पाहताना त्याच्या यशाला टोचणी लागते. माझा मेहनतीवरचा विश्वास हे वाचून ढळला नाही. पण सारखी मेहनत सगळ्यांना सारखं फळ देते असं गृहीत धरणारं वाक्य आता माझ्या नजरेतून सुटत नाही. 'मी करू शकतो तर कुणीही करू शकतं' हे वाक्य दिसलं की मला दगडू आठवतो.

एक जोडी मात्र निव्वळ आत्मचरित्रांची. रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' 1910 चं, सुनीता देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी' 1990 चं. दोघीही नामवंत पुरुषांच्या पत्नी, मध्ये ऐंशी वर्षं. रमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. न्यायमूर्तींनी त्यांना शिकवायला घेतलं आणि घरातल्या बायकांची बोलणी त्यांना दिवसभर खावी लागली. त्या लिहितात पतीबद्दल, पूर्ण भक्तिभावाने, पण ओळींच्या मधून एक धीट, शिकायला आसुसलेली मुलगी दिसत राहते. सुनीताबाई भक्ती बाजूला ठेवून हिशोब मांडतात, स्वतःचाही, आणि तेही पु. ल. हयात असताना. मला वाटतं, आत्मपरीक्षण कसं करावं हे शिकवणारी पुस्तकं खूप आहेत, पण ते प्रत्यक्ष होताना पाहायचं असेल तर सुनीताबाई वाचाव्यात. त्या स्वतःला सूट देत नाहीत आणि स्वतःवर आसूडही ओढत नाहीत. हा तोल फार दुर्मीळ आहे.

व्हिक्टर फ्रँकलचं 'मॅन्स सर्च फॉर मीनिंग' तुम्ही कदाचित वाचलं असेल. नसेल तर वाचा. नाझी छळछावण्यांतून सुटल्यावर 1945 मध्ये त्यांनी ते अवघ्या नऊ दिवसांत सांगून लिहून घेतलं, आणि सुरुवातीला नाव न घालता छापायचा विचार होता. छावणीत जाताना त्यांच्या कोटात असलेलं दुसऱ्या पुस्तकाचं हस्तलिखित हिरावलं गेलं होतं. मनोविकारतज्ज्ञ म्हणून मांडलेला विचार आणि कैदी म्हणून भोगलेलं आयुष्य एकाच पुस्तकात असल्यामुळे तिथे जोडी लावायची गरज पडत नाही.

आत्मचरित्रं वाचताना एक भान ठेवा. आठवण म्हणजे जसंच्या तसं जपून ठेवलेलं चित्र नव्हे. स्मृती दर वेळी नव्याने रचली जाते आणि त्यात नंतरचं बरंच मिसळतं, हे मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या 1970 च्या दशकापासूनच्या प्रयोगांनी दाखवून दिलंय. म्हणून मी आत्मचरित्राकडे साक्षीपुराव्यासारखं पाहत नाही. या माणसाने आपलं आयुष्य कशा रीतीने समजून घेतलं, ते पाहते. तेवढं मला पुरतं.

वाचण्याच्या पद्धतीत मी एकच बदल केला आणि तो टिकला. प्रकरण संपलं की पुस्तक मिटायचं आणि आठवेल तेवढं स्वतःच्या शब्दांत वहीत लिहायचं. नंतर उघडून काय सुटलं ते पाहायचं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात हेच दिसलं: लगेच विचारलं तर पुन्हा वाचणाऱ्यांना जास्त आठवतं, पण आठवड्याने विचारलं तर आठवून पाहणारे पुढे जातात. अधोरेखित करणं मी जवळपास थांबवलंय. वहीत दर पुस्तकाला एक पान, आणि पानाच्या तळाशी एवढंच: यातलं काय करून पाहणार. बहुतेक पानांवर ती जागा रिकामीच राहिली, आत्मचरित्रांच्या बाबतीत तर हमखास. तरी माझ्या वागण्यात जे बदललं त्याचा माग काढत गेले तर तो बहुतेक वेळा त्या रिकाम्या जागांच्या पानांवर जातो. घरच्यांचं बोलणं मध्ये न तोडता ऐकते, हा बदल सुनीताबाई आणि लक्ष्मीबाई वाचल्यानंतरचा आहे. ऐकण्याच्या कौशल्यावरची पुस्तकं त्याआधी वाचून झाली होती.

तेव्हा जाणकारांच्या नाकांची फिकीर करू नका. सुरुवात फ्रँकलिन आणि लक्ष्मीबाई या जोडीने करा. फ्रँकलिनचं पुस्तक छोटं आहे, चटकन होईल. 'स्मृतिचित्रे'ची संक्षिप्त आवृत्तीही मिळते, पण तुमच्यापाशी वर्ष आहे, तर संपूर्णच घ्या. त्याचा शेवटचा भाग लक्ष्मीबाईंच्या हातून पुरा झाला नाही, त्यांच्या मुलाने, देवदत्त टिळकांनी, तो पूर्ण केला. तोही वाचा. आईच्या डोळ्यांनी पाहिलेल्या घरात तुम्ही तोवर इतके रुळलेले असाल की मुलाला ते कसं दिसलं हे जाणून घ्यावंसं वाटेलच.